गोजराबाईचा ठिपका

जवळच्या आसेगावात देवीची साथ आल्याचं कळलं, तेव्हा मी आधी माझ्या मुकुंदाचा दंड बघितला. माहेरी, नागपूरला, त्याला टोचून घेतलं होतं; खूण होती. तरी काही ना काही निमित्ताने दिवसभर मी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. आणि जीव अडकला होता तो रंगीमध्ये.

रंगी ही गोजराबाईची नात. गोजराबाई मंगरूळपीरच्या कडेच्या मळ्यातून आमच्या आळीत भाजी आणायची. डोक्यावर टोपलं, कमरेवर रंगी. पोरीची आई बाळंतपणातच गेलेली. आमच्या ओसरीवर टोपलं उतरलं की रंगी मुकुंदाशेजारी बसून वाटाण्याच्या शेंगा सोलायची, म्हणजे निम्म्या खायची.

"रंगीला टोचलंय का हो?" मी विचारलं.

"नाई वं बाई. टोचलं का हात सुकते म्हंते."

"कोण म्हणतं?"

"कोनाचं नाव घेऊ आता? सारेच म्हणून राह्यले."

ते 'सारेच' माझ्या डोक्यात बसलं. मी गणित घेऊन बी. ए. झालेली, लग्नानंतर त्या गणिताला कामच उरलं नव्हतं. मुकुंद झोपल्यावर मी पाटी घेतली. प्रत्येक घराचा एक ठिपका. ज्या घरची बाई ज्या घरी बोलायला जाते, तिथपर्यंत रेघ. टोचण्यावर अजिबात विश्वास नसेल तर शून्य, पुरता असेल तर दहा. मग असं धरलं, की रोजच्या बोलण्यातून प्रत्येकीचा आकडा तिच्या शेजारणींच्या सरासरीकडे थोडाथोडा सरकतो. पुसून पुसून आकडे मांडले. सगळ्यात जास्त रेघा एकाच ठिपक्याला येऊन मिळत होत्या. गोजराबाई. ती सुताराकडे जाते, वकिलांकडे जाते, दर्ग्यामागच्या घरांतही जाते. तिला एकटीला पटवलं की रंगी वाचेल, आणि आळीही तिच्या मागून येईल.

संध्याकाळी ह्यांना पाटी दाखवली. ते कचेरीतून दमून आलेले. "माणसं म्हणजे काय तुझे ठिपके आहेत?" म्हणाले आणि हसले.

सकाळी गोजराबाईला मुकुंदाचा दंड दाखवला. हात वर-खाली करून दाखवला. त्या पठ्ठ्याने टोपल्यातला मुळा उचलला आणि माझ्याच डोक्यात हाणला.

"अगं माय! ह्याचा हात सुकला म्हनावं काय!" गोजराबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "येतो बुधवारी. रंगीले घेऊनच येतो."

बुधवारी टोचणारा शाळेत बसणार होता. पाटीवर तिच्या ठिपक्यापाशी मी दहा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "टोचीनच म्हंतो. पन ताप येते म्हने." त्याच्या पुढच्या दिवशी, "सुताराची बायको म्हने, टोचलं का देवी कोपते. तुही शेजारीन जिजाबाई बी तेच म्हंते." मी पुन्हा सगळं समजावलं. तिने मान डोलवली, टोपलं उचललं आणि पुढच्या दाराला गेली. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. तिथेही ती मान डोलवत होती. "हो न वं बाई, हो न वं." भाजी खपवायची तर प्रत्येक दारात हेच म्हणावं लागतं. माझ्या रेघांना मी बाणच काढले नव्हते. जिला दारोदार सांगता येतं, तिला दारोदार ऐकावंही लागतं. मी सकाळी एकदा बोलायची. तिचा बाकीचा दिवस आळीचा होता.

बुधवारी ती आली नाही. कुणीच आलं नाही. टोचणारा शाळेच्या ओट्यावर विडी ओढत बसला आणि उठून गेला.

पुढे गोजराबाईचं येणंच थांबलं. जिजाबाईंनी सांगितलं, "तिच्या दाराले निंब बांधला. रंगीले माता निघाल्या."

मी चपला घातल्या, तर त्यांनी हात धरला. "जाऊ नको वं ललिता. माताच्या घरी बाहेरचं मानूस चालत नाई. अन् तुले बी लेकरू हाये ना?"

मुकुंद कडेवर होता. मी चपला काढल्या.

टोचून घेतलेल्या कुठल्याशा पोराला ताप आला, ही गोष्ट विहिरीवर रोज नव्याने निघायची. निंबाच्या डहाळीआड काय चाललं होतं, ते कोण सांगणार? त्या दारातून कुणी बाहेर येत नव्हतं, कुणी आत जात नव्हतं.

रंगी गेली, तेही आम्हाला उशिराच कळलं.

टोचणारा पुन्हा यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी गोजराबाई आळीत दिसली. डोक्यावर टोपलं. कंबर रिकामी. ती सुताराच्या दारात थांबली.

"सांबाराची जुडी दे वं, गोजराबाई," सुताराची बायको म्हणाली.

"लेकराले टोचशीन?"

"पाहू न. ताप येते म्हंते लोक..."

"टोचशीन का नाई?"

"अवो, पन देवी..."

"माह्या घरी येऊन गेली देवी."

तिने टोपलं उतरवलं नाही. ती बाई 'टोचीन' म्हणेपर्यंत तशीच उभी राहिली. मग पुढचं दार. तिथेही तेच. कुणाच्याही बोलण्याला मान डोलवली नाही.

मी आत येऊन पाटी घेतली. आता रेघांना बाण काढले, तिच्या ठिपक्याकडे येणारा एकही नाही, सगळे तिथून निघणारे, आणि आकडे मांडायला लागले. एकेक घर दहाकडे सरकत होतं. सगळं बरोबर येत होतं. पेन्सिल मला पुढे चालवता येईना.

आमच्या दारात तिने मला काहीच विचारलं नाही. टोपलं उतरवलं. मुकुंद सवयीने ओसरीवर सरकून, शेजारी जागा ठेवून बसला. तिने त्याचा दंड हातात घेतला, खुणेवरून अंगठा फिरवला.

"शेंगा आनल्या व्हत्या," ती म्हणाली. "सोलाले कोनी नाई."