‘धरलं’ म्हटल्याशिवाय

"लाव खांदा," देवानंद म्हणाला, आणि दोघांनी मिळून शटर उचललं. ते हातभर वर आलं, कुरकुरलं आणि तिथंच अडून बसलं. देवानंदनं पायानंच लाकडी ठोकळा खाली सरकवला आणि पाठ सरळ केली. बरगडीतून कळ आली, ती त्यानं खोकल्यात लपवली.

"स्प्रिंग तुटली, ताई," तो उमाताईंना म्हणाला. "दोन्ही बदलू. एकच टाकली तर दुसरी लई दिवस न्हाई टिकायची. मंग पुन्हा आम्हाला बोलवावं लागंन."

"बदला दोन्ही. पण मला एकटीला उघडता आलं पाहिजे, एवढं बघा."

वडीगोद्रीत हायवेच्या मागच्या बाजूला उमाताईंचं घर. खाली गाडी ठेवायची जागा, तिला हे शटर. त्यांचे यजमान मार्तंडराव नोकरीनिमित्त रोज जालन्याला जात, त्यामुळं शटरशी झटापट उमाताईंच्याच नशिबी. आज त्यांची स्कूटी आत अडकली होती आणि शाळेत त्यांनी रजा कळवून टाकली होती.

"एका हातानं उघडताल, ताई," नागसेन म्हणाला. त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागं बांधून ठेवले होते.

नागसेन हा देवानंदचा मावसभाऊ. अंबडपासून तीर्थपुरीपर्यंत ज्याचं शटर अडलं तो ‘देवानंद-नागसेनला बोलवा’ असं एका दमात म्हणायचा. कित्येकांना ते एकाच माणसाचं नाव वाटायचं, आणि दोघं समोर उभे राहिले की यातला मिस्त्री कोणता, असा प्रश्न पडायचा. दोघंही मिस्त्री होते, कारण हे काम एकट्याचं नाहीच. शटरच्या वर लोखंडी पाइप असतो, त्या पाइपावर स्प्रिंगा. पाना लावून पाइप पिळत नेला की स्प्रिंगेत ताण भरतो आणि त्या ताणावर एवढं जड शटर हलकं होऊन वर जातं. पण अर्धा फेर झाला की पाना काढून पुन्हा नव्यानं लावावा लागतो. तेवढा वेळ दुसऱ्यानं आपल्या पान्यानं पाइप रोखून धरायचा.

म्हणून घोड्याच्या, म्हणजे दुहेरी शिडीच्या, दोन बाजूंना दोघं समोरासमोर चढत. देवानंद पिळायचा आणि म्हणायचा, "धर." नागसेन आपला पाना लावून त्यावर अंग टाकायचा आणि म्हणायचा, "धरलं." तो शब्द कानावर पडल्याशिवाय देवानंद हात काढत नसे. भरलेली स्प्रिंग सुटली तर पाना गरकन फिरतो, आणि समोर कुणाचं कपाळ आहे हे काही तो विचारत बसत नाही. मध्यंतरी एका लग्नातल्या मानापानावरून दोघांनी बोलणं टाकलं होतं. तेव्हाही घोड्यावर हे दोन शब्द चालू होते, आणि खाली उतरलं की पुन्हा दोघांची तोंडं दोन दिशांना.

मागच्या आठवड्यात तीर्थपुरीत नागसेन "धरलं" म्हणाला, देवानंदनं हात काढला आणि पाना फिरून त्याच्या बरगडीत बसला. थोडा वर बसता तर दात गेले असते.

"माझाच हात ग्रीसचा व्हता," देवानंद जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाला होता. नागसेननं मान हलवली होती. पाना कुणाच्या हातून सुटला हे दोघांनाही माहीत होतं. नागसेनचा उजवा हात वर्षभरापासून कापत होता. आधी नुसती बोटं, मग मनगट. गिऱ्हाइकाच्या घरी चहा घेणं त्यानं सोडलं होतं. पित्त होतं म्हणायचा.

घरी लेप लावताना संध्यानं, म्हणजे देवानंदच्या बायकोनं, काळीनिळी बरगडी बघितली आणि ग्रीसची गोष्ट ऐकून घेतली.

"तुमच्यानं सांगणं होत नसंल तर मी सांगते भावजींना."

"काय सांगशीन? हात कापतो, घरी बस? घरात कोण हाय त्याच्या? बायको गेल्यापासून हे कामच हाय त्याला."

"आन् तुमाला डोस्कं एकच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी देवानंदनं बाजारातून जाड दोर आणला. पान्याला दोर बांधून तो खिडकीच्या गजाला ताणला की एकट्यालाही स्प्रिंग भरता येते, वेळ लागतो एवढंच. पण नागसेनच्या देखत तो दोर बाहेर काढणं म्हणजे त्याला तोंडावर सांगणंच. दोर गाडीच्या डिक्कीत तसाच राहिला. रोज सकाळी देवानंद आज सांगू म्हणायचा आणि रोज संध्याकाळी मुकाट घरी यायचा. या न बोलण्यानं तो जितका दमला होता, तितका शटरं उचलून कधी दमला नव्हता.

पाइप खाली घेणं, जुन्या स्प्रिंगा काढणं, नव्या ओवणं यात दुपार झाली. उमाताई दोन कप चहा घेऊन आल्या.

"मला नको, ताई," नागसेन म्हणाला. "पित्त होतंय."

उमाताई कप हातात घेऊन घुटमळल्या. त्यांच्या मनात भलतीच शंका आलेली दिसत होती. "आमच्या घरचं चालत नाही, असं तर नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई, न्हाई! तसं बिलकुल न्हाई, ताई," नागसेन ओशाळून म्हणाला. "खरंच पित्त हाय."

देवानंदनं आपला चहा घाईघाईनं संपवला. तोंड भाजलं, पण तिथं उभं राहणं त्याला नको झालं होतं. पाइप वर चढवून झाला, पट्ट्या जोडून झाल्या. आता फक्त ताण भरायचा राहिला होता. दोघं घोड्यावर चढले.

"धर."

"धरलं."

सुरुवातीचे फेर सोपे गेले. प्रत्येक वेळी हात काढताना देवानंद नागसेनकडं न बघता पान्याकडं बघत होता. मग पाइप जड झाला. देवानंदनं दोन्ही हातांनी पाना ओढत छातीशी आणला आणि दाबून धरला. बरगडी ठणकायला लागली.

"धर."

नागसेननं पाना लावला. लोखंडावर लोखंड टकटक वाजत राहिलं. शब्द आला नाही.

"धर की रे!"

नागसेन आपल्याच मनगटाकडं बघत होता. दुसऱ्या कुणाचं असावं तसं. घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर आला होता. देवानंदचे दंड भरून आले, पण त्यानं पकड सोडली नाही.

"न्हाई धरता येत, दादा," नागसेन म्हणाला. "तू सोडू नको."

खाली उभ्या उमाताईंनी काही न कळून घोडा घट्ट धरला.

"त्या दिशी बी न्हवतं धरलं," नागसेन पुढं म्हणाला. "नुस्तं म्हणलो. वाटलं, धरंन. तुझा जीव घेतला असता मी."

"माझा हात ग्रीसचा—"

"राहू दे, दादा. तुझ्या डिक्कीत दोर हाय. बघून राह्यलो मी रोज. वाटायचं, आज काढशीन, आज काढशीन. चावी कुठंय?"

"शर्टाच्या खिशात," देवानंद म्हणाला. त्याला रडू येईल असं वाटलं. दोन्ही हात पान्याला अडकलेले, डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

नागसेननं वाकून त्याच्या खिशातून चावी काढली, आणि तो खाली उतरला. दोर आणून त्यानं एक टोक आपल्या पान्याच्या दांड्याला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजातून ओवलं. गाठ मारताना बोटं ऐकत नव्हती. दोनदा सुटली. उमाताई पुढं झाल्या, तर तो म्हणाला, "राहू द्या, ताई, हे मला येतं." तिसऱ्यांदा गाठ बसली. बैलाच्या दाव्याला मारतात तसली, ओढलं की आवळणारी.

"बांधलं, दादा."

देवानंदनं पकड हळूहळू सैल केली. दोर ताणला, करकरला आणि थांबला. पाना जागचा हलला नाही.

उरलेले फेर असेच झाले. वरून देवानंद सवयीनं "धर" म्हणायचा आणि खालून उत्तर यायचं, "बांधलं." घोड्याची समोरची बाजू रिकामी होती. देवानंदची नजर पुन्हा पुन्हा तिकडं जायची आणि तिथं समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसायची. शेवटी बोल्ट आवळून झाले, नागसेननं दोर सोडला आणि त्याची नीट गुंडाळी करून डिक्कीत ठेवला.

"बघा, ताई," तो म्हणाला.

उमाताईंनी एका हातानं शटर उचललं. ते सरसर वर गेलं आणि उन्हाची तिरीप आतल्या स्कूटीवर पडली. त्या लहान मुलीसारख्या हसल्या, मग दोघांकडं वळल्या.

"आता तरी चहा घ्याल ना?" त्यांनी विचारलं. विचारताना त्या नागसेनकडंच बघत होत्या.

"आना, ताई," नागसेन म्हणाला. "पित्तबित्त काही न्हाई."

पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसले. उद्या सकाळी नागसेनच्या दारात गाडीचा हॉर्न वाजवायचा की नाही, हे देवानंदला कळत नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती. उमाताईंनी ट्रे पुढं केला. देवानंदनं एक कप उचलला आणि भावापुढं धरला.

"धर."

नागसेननं दोन्ही हातांची ओंजळ कपाभोवती केली. कप थरथरायला लागला, थोडा चहा देवानंदच्या बोटांवर सांडला. चांगलाच गरम होता. देवानंदनं हात काढला नाही. उमाताई ट्रे घेऊन आत निघून गेल्या.

नागसेननं कोपर गुडघ्यांवर टेकवले, श्वास घेतला, आणि कापरं जरा कमी होईपर्यंत वाट बघितली.

"धरलं," तो म्हणाला.

तेव्हा देवानंदनं हात काढला.