न चाखलेली भाजी

"जीभ लावशील तर बग!"

आयेनं सुनेच्या मनगटावर पळी हाणली. सवयीनं तोंडाकडं निघालेलं द्रौपदीचं बोट वाटेतच थांबलं. चुलीवर फोडशीची रानभाजी रटरटत होती, हिरवीगार, रानातल्या ओल्या मातीचा वास अंगाला लावून आलेली.

"आये, चाखल्याबिगर मीठ कळंल कसं?"

"अंदाजानं टाक. नवी भाजी देवाला दावली नाय अजून. धाकू भगत हास्पिटलात पडलाय. तो उठंल तवा पूजा. तवर पाड्यात कुनाच्या जिभेला नवं पान लागायचं नाय."

"नि पाव्हन्यांना चालतंय?"

"त्यांना आपला देव कुटं लागतो?"

आरेतल्या आमच्या पाड्याची ही रीतच. पण औंदा रीत पाळायलाही बळ उरलं नव्हतं. भाताची खाचरं पत्र्याच्या कुंपणामागं गेली. पवईच्या टॉवरमधलं द्रौपदीचं भांड्यांचं काम मशीननं खाल्लं. तशात एका संस्थेची रुचिरा मॅडम आली. उन्हाळाभर तिनं बायांना शिकवलं, पाहुण्याला या कसं म्हणायचं, ताटाचा भाव कसा लावायचा. "टॉवरमध्ये जे मिळत नाही तेच वाढा," ती म्हणाली, आणि द्रौपदी हरखून बोलून गेली, "फोडशी!" बोलावण्यावर तेच नाव छापलं गेलं. आज पारखायला माणसं यायची होती. त्यांना रुचलं, तर दर रविवारी पाड्यात पाहुणे. नाही रुचलं, तर द्रौपदीच्या चुलीला दुसरा आधार नव्हता.

बाहेर गाडी थांबली. द्रौपदीनं घाईनं मीठ टाकलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावली. आये चुलीपाशी सरकली. पोरीची घाई बघून तिला वाटलं, मीठ राहिलंच. तिनं मूठभर सोडलं आणि पुटपुटत ढवळत राहिली,

"रानाच्या गं पाना, तुला देवाचं आवतन,
दारी आलं पाव्हनं, कसा राखू दोघांचा मान..."

अंगणात पानं मांडली. भाकरी, ठेचा, फोडशी.

"द्रौपदीताई, तुम्हीपण बसा ना," रुचिरा म्हणाली. "शिकलोय ना आपण, पाहुण्यासोबत जेवायचं?"

"नको मॅडम. आमचं मागनं."

हर्षद नावाच्या पाहुण्यानं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. घटाघटा पाणी प्याला. "ताई, तुम्ही चाखली होती का ही?"

"नाय."

"का?"

द्रौपदीनं आयेकडं बघितलं. "आमची... रीत हाय."

"वा! स्वतः खात नाही, ते आम्हाला वाढता? रुचिरा, काय यार हे?"

त्याच्या शेजारच्या पाहुणीनं पान पुढं ढकललं. द्रौपदीनं वाकून भाजीचा घास उचलला. खाऊन दाखवलं की झालं. हात ओठापाशी पोचला.

"द्रौपदे!" दारातनं आयेची हाक आली.

हात थांबला. तो थांबलेला सगळ्यांनी बघितला. एकेक जण पानावरनं उठला.

गाडीपाशी रुचिरा रेंगाळली. "तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला कळतं गं. पण त्यांना कसं पटवू? यंदा तुमचा पाडा नाही धरता येणार."

धुरळा खाली बसला. द्रौपदी टोपापुढं बसून होती.

"आता ही वतू कुटं, आये? टाकली तर पाप, खाल्ली तर पाप. घरात दुसरं हाय काय?"

आयेनं पानावर चिमूटभर भाजी घेतली, रानाच्या अंगाला दाराबाहेर ठेवली. हात जोडले. "भगताच्या आधी मी आले, देवा. राग माज्यावर धर. पोरीवर नको."

मग तिनं घास घेतला. सुरकुत्यांचा चेहरा आणखी गोळा झाला.

"मीठ टाकलंवतंस तू?"

"टाकलंवतं."

"मी बी."

द्रौपदीनं टोपात वाकून बघितलं.

"फुडल्या येळंला एकीनंच टाकायचं," आये म्हणाली.

"कसली फुडली येळ गं, आये?"

आयेनं टोपात तांब्याभर पाणी ओतलं, चूल फुंकली आणि दुसरं पान सुनेपुढं मांडलं.