सुकेशनीचा तास

जगभर विश्वासापायी छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी शहराच्या छावणी भागातल्या चर्चमध्ये साखळी प्रार्थना ठेवली होती. एकाचा तास संपला की दुसऱ्यानं बसायचं, दिवसभर साखळी तुटू द्यायची नाही. सकाळचा पहिला तास दर वर्षी सुकेशनीचा असायचा. यंदा ती या जगात नव्हती. बायकोचा तास दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून सूर्यभाननं हात वर केला.

"दाजी, तुम्ही?" त्याची मेव्हणी रत्नमाला म्हणाली. "तुमची जेवणाआधीची प्रार्थना भाजी वाढायच्या आत संपते. तासभर काय बोलाल?"

"तू तुझ्या वेळेला ये म्हणजे झालं."

सूर्यभान एकटाच गुडघ्यावर बसला. सगळ्या देशांतल्या सगळ्यांना सांभाळ, एवढं म्हणून त्यानं घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंही झाली नव्हती.

"आता काय सांगू देवा? तुला तर सगळं ठावं हाय."

मग चर्चच्या पाळकांनी ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तो माणूस त्याला आठवला. घरात उपासना घेतली म्हणून तो कुठल्याशा दूरच्या देशात तुरुंगात होता.

"देवा, त्याची बायको घरी एकटी असंल. चादरीची घडी घालताना दुसरं टोक कोण धरत असंल? माझी चादर तर गोळा होऊनच पडलेली असती. माझं राहू दे, पण तिचा नवरा तेवढा घरी धाड. आन् ती लई बोलत असली, तर त्याला म्हणावं, गुमान ऐकून घे."

दार वाजलं. "उठा दाजी," रत्नमाला म्हणाली, "माझा तास लागला."

"थांब जरा," सूर्यभान डोळे न उघडता म्हणाला. "आता कुठं त्याच्या लेकरांवर आलोय."