पिवळा कागद

"फारच स्वच्छ दिसतंय तळं," आई म्हणाली आणि तिनं कॅमेरा आप्पांच्या हातात परत दिला. "माझ्यावाचून काही अडत नाही म्हणायचं."

आप्पांचा चेहरा एवढासा झाला. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई दीड महिना पलंगावर होती. तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी सकाळी एकट्यानं काठ साफ करून खंड्याचा फोटो काढून आणला होता. सगळं मुसळ केरात गेलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली. नर्सबाई वॉकर घेऊन आल्या, तर "राहू दे, कुठं जायचंय मला?" म्हणाली. त्या दिवशी मला तिची खरंच काळजी वाटली.

आप्पा पाणीखात्यात मीटर रीडर होते. तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहण्यात गेली, म्हणून निवृत्तीनंतर जिथे दारच नाही अशी जागा त्यांनी शोधली. पाण्याच्या टाकीमागचं तळं. तिथे ते पक्ष्यांचे फोटो काढत. त्यांच्या एकांतात फक्त आईला प्रवेश होता, तोही कामापुरता. आप्पा कॅमेऱ्याला डोळा लावून हात हलवायचे आणि आई पुढे जाऊन बाटल्या, पिशव्या, कागद उचलायची.

"अजून डावीकडे. हां, तोच. आता हो बाजूला, सावली पडतेय."

आई पुटपुटत बाजूला व्हायची. सात वर्षांत एकाही फोटोत कचरा नाही आणि एकाही फोटोत आई नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर दोघंही माझ्याकडे बघतच राहिले. जसं काही मलाच वेड लागलं होतं!

दोन दिवसांनी आप्पांनी बगळ्याचा फोटो आणला.

"अहो, हे काय? बगळ्याच्या पायाशी बिस्किटाचा कागद! डोळे आहेत की बटणं?"

"दिसलाच नाही गं."

"दिसला नाही म्हणे! लोकांच्या जिन्याखालचे मीटर बरे दिसायचे!"

आई चांगली दहा मिनिटं बोलली. मग उठून बसली, पोटभर जेवली आणि संध्याकाळी तिनं स्वतःहून वॉकर मागितला. त्यानंतर आप्पांची नजर रोजच चुकू लागली.

एका सकाळी ते चष्मा विसरून गेले, म्हणून मी मागोमाग तळ्यावर गेले. काठ लख्ख होता. आप्पांनी शर्टाच्या खिशातून एक पिवळा कागद काढला, उलगडला आणि आई जिथे वाकायची बरोबर तिथे गवतात ठेवला. उडू नये म्हणून वर खडा ठेवला. फोटो काढला. मग कागद उचलून, झटकून, घडी घालून पुन्हा खिशात टाकला. मी हाक न मारता चष्मा घेऊन परत आले.

घरी आई वॉकर धरून खिडकीपर्यंत पोचली होती. मला राहवेना. "आई, अगं, तो कागद..."

"माहितीये. रोज तोच असतो. कोपऱ्याला तीच घडी."

"मग बोलत का नाहीस त्यांना?"

"बोलते की रोज! त्यासाठीच तर ठेवतात ते."

फाटक वाजलं. आई लगबगीनं पलंगावर जाऊन बसली, मला गप्प राहायची खूण केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आप्पा आत आले. त्यांच्या खिशातून पिवळं टोक डोकावत होतं.

"आणा इकडे," आईनं हात पुढे केला. "आज काय राहिलंय, बघू द्या."