कलाबाईच्या गंजाचं माप

मित्रांनो, मी एक जुनी दगडी चूल आहे. पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यात, गोठ्यामागे पडून असते. माझ्या पोटात सध्या कोंबडी अंडी घालते. तिच्याशिवाय बोलायला कुणी नाही, आणि तीही अंडं घातलं की स्वतःचंच कौतुक करत निघून जाते.

माझा दगड जिवतीच्या डोंगरातला. आणताना बैलगाडीची चार चाकं मोडली. गाडीला चाकं दोनच असतात, हे मला सांगू नका. गाडीत मी होते, तुम्ही नव्हता.

इस्तारी पाथरवटाने मला रुखमाबाईच्या घरासाठी घडवलं. त्याची रीत अशी, की ज्या घरची चूल त्याच घरचा गंज, म्हणजे भात रांधायचं भांडं, दगडावर ठेवायचा, बुडाभोवती कोळशाची रेघ ओढायची आणि तेवढीच खाच छिन्नीने काढायची. त्या दिवशी शेजारची कलाबाई रुखमाबाईकडे ताक न्यायला आली अन् रिकामा गंज ओट्यावर ठेवून गप्पांत रमली. इस्तारीने तोच उचलला!

चूल झाली. रुखमाबाईचा गंज ठेवला, तर डगडग हलू लागला.

"काऊन गा इस्तारीभाऊ, हे चूल हाये का पाळणा?"

कलाबाईने आपला गंज ठेवला. तो पाटावरच्या जावयासारखा ऐसपैस बसला.

"जाऊ दे रुखमे," ती हसून म्हणाली, "आता दोघी इथीच रांधू."

तीस वर्षं दोन्ही घरांचा भात त्याच गंजात माझ्यावर शिजला. त्याच्या वासाने एक वाघ कुडाबाहेर येऊन बसायचा. दोनदा तर त्याने मीठ कमी असल्याची तक्रार केली.

मग दोन्ही घरी गॅस आला आणि मी गोठ्यामागे आले. रुखमाबाई तेवढी दिवाळीला हळदकुंकू लावून जायची. दोन वर्षांपूर्वी तीही गेली.

परवा तिचा मुलगा धनराज घण घेऊन आला. माझे तुकडे त्याला न्हाणीत बसवायचे होते. त्याने घण उचलला, तोच काठी टेकत कलाबाई आली. बगलेत गंज.

"थांब रे. फोडतं त अर्धीच फोड. अर्धी मायी हाये."

"कुठी लिवलं हाये, काकी?"

तिने माझ्यावर गंज ठेवला. "इथी."

धनराजने गंज बोटाने ढकलला, मग तळहाताने. हलला नाही.

"माय इथीच बसे," तो हळूच म्हणाला. घण भिंतीला टेकवून निघून गेला.

कलाबाई ऊन उतरेपर्यंत बसली. जाताना गंज नेला नाही.

कोंबडीला आता छप्पर मिळालं. घण अजून भिंतीलाच आहे. मित्रांनो, मला पेटवा असं मी म्हणत नाही. जुनी वस्तू फोडण्याआधी एवढंच विचारा, की ती कुणाच्या मापाची आहे. विचारायला कुणी उरलं असेल, तोवर विचारा.