निरोप पोहोचला, असं मी म्हणालो

मी फोन बोलतोय. एरवी माणसं माझ्यातून बोलतात, आज जरा माझंही ऐका. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, बॅटरी कशीबशी दुपारपर्यंत तग धरते, पण कान शाबूत आहेत. आणि एका सकाळी मनात शिरलेली भीती काही केल्या निघत नाही.

थोरल्याने मला हौसेने घेतलं होतं. नव्या नवलाईत तो मला दर थोड्या वेळाने शर्टाला पुसायचा. मग त्याच्याकडे दुसरा फोन आला आणि मी कचेरीच्या खणात गेलो.

कचेरी म्हणजे दोन खोल्या, थोरला आणि त्याची धाकटी बहीण. एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी दोघं एक ॲप बनवत होती. पडलात, चक्कर आली, छातीत दुखलं, तर लाल बटण दाबायचं. घरच्यांना लगेच निरोप जाणार. ॲप तपासायला जुना फोन हवा म्हणून मला खणातून काढलं. पुन्हा कामाला लागलो म्हणून मला कोण आनंद झाला!

तेवढ्यात कानावर आलं, दुसरी एक कंपनी असंच ॲप आणतेय. थोरला उभ्या उभ्या जेवू लागला.

"दादा, समोरून पोच आल्यावरच 'निरोप पोहोचला' असं दाखवायला हवं," धाकटी म्हणाली.

"त्यात आठवडा जाईल. सध्या बटण दाबलं की लगेच दाखव. पोचेचं नंतर बघू."

"आणि रेंज नसली तर?"

"अगं, हल्ली रेंज कुठे नसते?"

कुठे कुठे नसते ते मला चांगलं ठाऊक होतं. पण टेबलावरच्या म्हाताऱ्या फोनला विचारतो कोण? धाकटीने त्याच्या म्हणण्याप्रमाणे केलं. आठवडा वाचला.

ॲप बाजारात आलं आणि माणसं भराभर ते घेऊ लागली. थोरल्याने मला एकट्या राहणाऱ्या मावशीला देऊन टाकलं. आई गेल्यावर या मावशीनेच दोघांना वाढवलं होतं.

"हे बटण लक्षात ठेव. दाबलंस की आम्ही आलोच," तो म्हणाला. मावशी मला गाऊनच्या खिशात घालून घरभर फिरायची.

एका सकाळी न्हाणीघरात तिचा पाय सरकला. ती आपटली तो आवाज मी खिशातूनच ऐकला. तिला उठता येईना. "अहो, कुणी आहे का?" ती जिवाच्या आकांताने ओरडली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची भांडी वाजत होती. आणखी दोन हाका मारल्या असत्या, तर त्यांना नक्की ऐकू गेलं असतं. पण तिला माझी आठवण झाली. तिने मला खिशातून काढून बटण दाबलं.

न्हाणीघरात रेंजचा पत्ता नव्हता. निरोप माझ्या पोटातच अडकला. आणि काचेवर हिरवी अक्षरं उमटली: निरोप पोहोचला.

"आता येतीलच पोरं," मावशी म्हणाली आणि ओरडायची थांबली.

ओरड, मावशी, ओरड! माझा जीव तुटत होता. पण माझ्या तोंडात तेवढे दोनच शब्द घातलेले. शेजारची भांडी थांबली. दार ओढलं गेलं, जिन्यावरून पावलं उतरून गेली. ओल्या फरशीवर तिचे हात गार पडत चालले. मधूनमधून ती मला डोळ्यांजवळ नेऊन तीच अक्षरं वाचायची आणि धीर धरायची. तिच्या त्या विश्वासाची मला जास्त भीती वाटत होती.

मावशीचा फोन लागत नाही म्हणून धाकटी शेवटी हातातलं काम टाकून आली. तिच्याकडे घराची किल्ली होती.

"किती वेळ लावलात गं? निरोप तर केव्हाच पोहोचला होता," मावशी क्षीण आवाजात म्हणाली.

धाकटीने मला उचललं, ती अक्षरं वाचली आणि बाहेर धावत जाऊन रुग्णवाहिका बोलावली.

मावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, जीव वाचला. दवाखान्यात धावत आलेला थोरला सगळं ऐकून पांढराफटक पडला. "आणखी कुणाकुणाच्या घरी हे..."

तिथल्याच बाकावर बसून त्यांनी ॲप बंद केलं आणि ते घेतलेल्या एकेकाला फोन लावत सुटले. एक आजोबा उचलेनात. थोरला गाडी काढून धावला. इकडे धाकटीची बोटं माझ्यावर घट्ट आवळलेली. बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला.

"दाढी करायला गेले होते गं. मला चहाला बसवलंय," म्हणाला आणि हमसून हमसून रडू लागला.

दुसऱ्या कंपनीचं ॲप केव्हाच पुढे निघून गेलं. आमचं अजून तयार होतंय. धाकटी मला घेऊन लिफ्टमध्ये शिरते, तळघरात उतरते, बटण दाबते. आता पोच आल्याशिवाय मी काही म्हणत नाही. तरी तिचं बोट जवळ आलं की माझ्या अंगावर काटा येतो.

परवा ती मला मावशीकडे घेऊन गेली. "आता नीट केलंय गं," म्हणाली. मावशीने मला हातही लावला नाही.

"राहू दे. मला आपलं ओरडणंच बरं वाटतं."

बाबांनो, घाई तुम्हाला असणारच. पण तुम्ही तोंडात घालाल तेच आम्ही बोलतो, आणि ते खरं मानून फरशीवर पडलेलं माणूस गप्प राहतं.