अधांतरी कौल

“कौल लावला की पाकळी पडेपर्यंत पाटावरून उठायचं नाही,” असं आईनं शर्वाणीला लहानपणीच बजावलं होतं. देवीच्या अंगावरून पाकळ्या सुटल्या त्याला आज तिसरा दिवस. उजव्या खांद्याची इंजिनीअरिंगची, डाव्या खांद्याची फिजिक्सची; आधी जमिनीला टेकेल तो देवीचा कौल. दोन्ही गुडघ्याएवढ्या उंचीवर हवेत थांबल्या होत्या.

“असा कधी झाला नाय गो बाय,” म्हणत बाबल गुरवांनी निरांजनावर तुपाची पळी कलंडली. तूप अर्ध्यावर थांबलं.

कालपासून गावात काहीच खाली पडत नव्हतं. नळाचं पाणी काचेच्या कांडीसारखं बादलीवर उभं होतं. देवळासमोरच्या तुळशीला पाणी घातल्याशिवाय आई घोटही घेत नसे. कलता तांब्या धरून ती पायरीवर तशीच बसली होती, उपाशी.

दामूमामा शिडीवर चढून हवेतले नारळ टोपलीत वेचत होता. “अर्जाची मुदत आज संपते गो. फिजिक्स घेऊन काय पाकळ्या मोजत बसणार? ती इंजिनीअरिंगची पाकळी बोटानं टेकव खाली. आई जेवेल तरी.”

“कौलाला हात नाही हो लावायचा,” आई म्हणाली. “मला कुठे भूक आहे?” तिचे ओठ पांढरे पडले होते.

शर्वाणीनं पट्टी लावली, उंची वहीत लिहिली. केसभरही फरक नव्हता.

“इंजिनीअरिंगची खयची गो?” गुरवांनी विचारलं.

तिला सांगता येईना. खाली येतानाच पाकळ्या एकमेकींभोवती फिरल्या होत्या. त्या का थांबल्या, एवढंच ती तीन दिवस बघत होती. कुठली कशाची, हे बघायचं राहूनच गेलं होतं.

“घ्या! विचारायला आली काय, बघत बसली काय!” मामा वरून हसला.

शर्वाणीही हसली. तिनं हात जोडले. “माउली, कौल नको. मी फिजिक्स घेते. हे असं का झालं ते शोधते, आणि पहिलं तुलाच येऊन सांगते.”

सगळं एकदम पडलं. गावभरचे नारळ धडाधड जमिनीवर आदळले, मामाची टोपली त्याला घेऊनच खाली बसली, तुळशीच्या मुळाशी पाणी गेलं. आईनं तांब्यात उरलेला घोट घेतला आणि पदरानं डोळे टिपले.

शर्वाणी पाटावरून उठली. अर्ज द्यायला जायचं, तर एसटीच्या थांब्यापर्यंत घाटीच्या शंभर पायऱ्या चढायच्या होत्या.

“येते,” ती हळूच म्हणाली.

पहिल्याच पायरीवर तिचा तोल गेला, आणि ती वरच्या दिशेनं, थांब्याकडे पडू लागली.